सुरतेचा बाजार, पाण्याची वाट आणि एक सरकारी अर्ज

अडाजणला माझी आतेबहीण राहते. तिच्या घराच्या जिन्यात, खालून सातव्या पायरीच्या जरा वर, भिंतीवर एक फिकट तपकिरी रेघ आहे. २००६ च्या ऑगस्टात तापीचे पाणी चढत चढत जेथे थांबले, ती ही रेघ. त्यानंतर घराला तीन वेळा रंग दिला गेला, परंतु जिन्यातला तेवढा वीतभर पट्टा ताईंनी रंगाऱ्याच्या हाती लागू दिला नाही. पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला ही रेघ दाखवावयाची, असा त्या घरचा रिवाजच होऊन बसला आहे.

गेल्या खेपेस मी गेलो तेव्हा संध्याकाळी नातवंडांच्या हट्टास्तव आम्ही डुमस रस्त्याच्या बाजूला एका मॉलमध्ये गेलो. त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. खालच्या मजल्यावर बरी गर्दी होती. वरच्या मजल्यावर मात्र निम्म्या दुकानांची शटरे ओढलेली आणि सरकता जिना बंद. हे सारे पाडून येथे याहून मोठे काहीतरी उभे राहणार, असे तेथला पहारेकरी सांगू लागला. पहारेकऱ्याच्या सांगण्यावर बातमी करता येत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु ताईंनी ते ऐकून जो प्रश्न विचारला तो मात्र परतीच्या गाडीतही माझ्याबरोबर बसून आला. त्या म्हणाल्या, “बांधू देत की. पण पाणी कुठे जाणार, हे कुणी विचारतं का?”

विचारतात. निदान विचारण्याची सोय कायद्यात आहे. ती कशी आहे, कितपत आहे आणि कोठे सैल पडते, हे पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मॉल ही आपल्याकडची फार जुनी वस्तू नव्हे. मुंबईत हाजीअलीजवळ ‘क्रॉसरोड्स’ उघडला तो १९९९ मध्ये, आणि देशातल्या अगदी पहिल्या मॉलांत त्याचे नाव घेतले जाते. सुरतेत पिपलोद-डुमस रस्त्याला मॉलची रांग लागली ती त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, त्यांतला व्ही. आर. मॉल २०१३ चा. आपल्या मंगळबाजाराचे किंवा सुरतेच्या चौटा बाजाराचे वय शतकांनी मोजावे, तर यांचे बोटांवर. आणि तरीही यांतले कित्येक आत्ताच म्हातारे झाले आहेत. नाईट फ्रँक या जागांच्या व्यवहाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये देशातल्या २९ शहरांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात साठांहून अधिक मॉल जवळजवळ ओस पडल्याचे नमूद होते. घरबसल्या माल येऊ लागला, दुकाने सुटी सुटी विकल्यामुळे कुणा एकाची देखरेख राहिली नाही, चटईक्षेत्राचे नियम बदलले आणि त्याच जमिनीवर दुप्पट-तिप्पट उंची बांधता येऊ लागली. मग जुनी इमारत वीस वर्षांची असो की बारा, ती मोडण्यातच मालकाचा लाभ. हिशेबाच्या दृष्टीने यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो हिशेबात न धरलेल्या रकमांचा.

या रकमा धरावयास लावणारा कायदा आपल्याकडे हळूहळू आला. पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. कारखाने, धरणे, खाणी तिच्यात होत्या, इमारती नव्हत्या. योग असा की त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग झाला, लाखो लोक शहर सोडून गेले, आणि तुंबलेले पाणी व न उचललेला कचरा ही काय चीज आहे हे साऱ्या देशाला कळले. इमारतींचा समावेश व्हावयास पुढे दहा वर्षे लागली. ७ जुलै २००४ च्या दुरुस्तीने हजारांहून अधिक माणसांसाठीचे, किंवा दिवसाला ५० हजार लिटरांहून अधिक सांडपाणी सोडणारे, किंवा ५० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचे बांधकाम तपासणीखाली आले. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आली, जी अनेक ठिगळे लागून आजही चालू आहे. तारीख पाहावी. सुरत पुराच्या चिखलातून बाहेर येऊन महिना-सव्वामहिना झाला होता. दिल्लीतल्या कारकुनाच्या डोळ्यांपुढे सुरत असेल असे मी म्हणत नाही. परंतु सुरतकरांनी तरी ही तारीख लक्षात ठेवावयास हरकत नाही.

या अधिसूचनेच्या आठव्या कलमात दोन पायऱ्या आहेत. २० हजार चौरस मीटरपासून दीड लाख चौरस मीटरपर्यंतचे बांधकाम पहिल्या पायरीवर. त्याहून मोठे, किंवा ५० हेक्टरांहून मोठ्या जागेवरचे, दुसऱ्या पायरीवर. आपल्या बोलण्यातल्या मापाने २० हजार चौरस मीटर म्हणजे सुमारे २ लाख १५ हजार चौरस फूट. मध्यम मॉलदेखील ही मर्यादा सहज ओलांडतो. खजोदचे सुरत डायमंड बोर्स, ज्याचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले, ते ६७ लाख चौरस फुटांचे आहे. तेव्हा वरच्या पायरीच्याही चौपट. अर्जाचा निकाल राज्यस्तरीय प्राधिकरणाने करावयाचा, म्हणजे आपल्याकडे गांधीनगरास.

आता या अधिसूचनेला जोडलेला अर्जाचा नमुना पाहण्यासारखा आहे. सरकारी अर्ज वाचण्यात कुणाला रस वाटू नये हे स्वाभाविक. परंतु हा अर्ज ज्याने लिहिला तो माणूस विचारी असावा. जमीन, पाणी, झाडे, प्राणी, हवा, बांधकामाचे साहित्य, विजेची काटकसर, असे त्यात दहा भाग आहेत, आणि मधेच एक भाग चक्क सौंदर्याचा. या इमारतीने कुणाचा देखावा झाकला जाईल काय? जवळपास पुरातन अवशेष आहेत काय? आसपासच्या लोकांच्या श्रद्धास्थानांना किंवा सांस्कृतिक मूल्यांना धक्का लागेल काय? सांस्कृतिक पानाच्या लेखकाने सरकारी नमुन्यावर खूश व्हावे असे प्रसंग विरळा, हा एक.

परंतु ताईंचा प्रश्नही त्यात आहे, आणि जवळजवळ शब्दशः आहे. जमिनीच्या नैसर्गिक उतारांत व पाण्याच्या वाटांत बदल होणार असेल तर तो नकाशावर दाखवा. पावसाचे वाहून जाणारे पाणी या बांधकामामुळे किती वाढेल, आणि त्याने पूर किंवा पाणी तुंबण्याची अडचण अधिक बिकट होईल काय, ते सांगा. ही दोन वाक्ये सुरतेत बसून वाचली की त्यांना वजन येते.

सुरत म्हटली की आपल्या मराठी मनाला १६६४ आणि १६७० ही साले आठवतात, आणि बडोद्याच्या जुन्या घरांना सोनगड व नवसारी प्रांत आठवतो. सुरतेच्या स्वतःच्या आठवणी मात्र पाणी आणि आग यांच्या आहेत. १८३७ च्या एप्रिलात त्या शहराला अशी आग लागली की हजारो घरे राख झाली, आणि त्याच वर्षी पाठोपाठ तापीला महापूर आला. व्यापार मुंबईकडे सरकतच होता; या एका वर्षाने उरलेला कणाही वाकला. १९६८ च्या ऑगस्टातला पूर आजही वृद्ध माणसे सांगतात. १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले, तेव्हा पुराचे भय संपले असे सर्वांना वाटले, आणि नदीकाठची जमीन निर्धास्तपणे विकली जाऊ लागली. मग २००६ च्या ऑगस्टात उकाईतून सेकंदाला सुमारे नऊ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग त्याखाली गेला. धरणामुळे पूर थांबला नव्हता. लहान पूर थांबले होते आणि मोठ्याची आठवण बुजली होती.

तापीच्या पुराविषयी बरेच लिहिले गेले आहे. खाड्यांच्या पुराविषयी कमी लिहितात, आणि आपल्या विषयाचा संबंध त्यांच्याशीच अधिक. पूर्वेकडे पलसाणा-कामरेजच्या बाजूला शेतांत पडलेला पाऊस मिठी खाडी, कोयली खाडी, भेदवाड खाडी अशा नावांच्या ओहोळांतून शहराच्या दक्षिण अंगाने समुद्राकडे जातो. या खाड्या पूर्वी रुंद होत्या आणि त्यांच्या दोन्ही काठांना दलदल असे. पाऊस फार झाला, वर समुद्राला भरतीची वेळ आली, तर पाणी पुढे न सरकता दलदलीत पसरून राहावयाचे आणि ओहोटी लागली की निघून जावयाचे. त्या दलदली भरल्या, त्यांवर बाजार उठले, गोदामे उठली, चाळी उठल्या. पाणी आता पसरावयाचे कोठे? ते वस्तीत पसरते. २०२५ च्या २३ जूनला सुरतेत अतोनात पाऊस झाला. तो थांबल्यावरही लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत खाड्यांचे पाणी दिवसेंदिवस उभे होते. आकाश निरभ्र आणि उंबऱ्यात पाणी, हा देखावा ज्याने पाहिला नाही त्याला खाडीचा पूर समजणार नाही.

लिंबायत, उधना, दिंडोली ही नावे या पानाच्या वाचकांना परकी नसावीत. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या काठाकाठाने येणाऱ्या रेल्वेने उतरलेली आपली माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या यंत्रमागांवर काम करीत आली आहेत. त्यांचे मराठी आपल्या कानांना जरा वेगळे वाटते आणि आपले त्यांना जरा कृत्रिम, ते असो. शहराच्या पश्चिमेला कुणी काय बांधले याच्याशी पूर्वेच्या लिंबायतचा काय संबंध, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पाणी पूर्वेकडून येते आणि त्याचे तोंड पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला. तोंड चिंचोळे झाले की घसा तुंबतो.

आता एका इमारतीने असे काय होते, ते थोडे हिशेबाने पाहू. एक हेक्टर जागा आणि चार इंच पाऊस घ्या. सुरतेला एका दिवसात चार इंच म्हणजे काही अपूर्वाई नव्हे. त्या जागेवर पडलेले पाणी सुमारे दहा लाख लिटर होते, म्हणजे दहा हजार लिटरांचे शंभर टँकर. तेथे शेत असेल तर यांतले बरेचसे मुरते, काही बांधांत अडते, उरलेले रेंगाळत जाते. तेथे छप्पर आणि फरसबंदी असेल तर जवळजवळ सगळे टँकर काही मिनिटांत एकदम गटाराच्या तोंडाशी येऊन उभे राहतात. त्यात नव्या इमारतींना दोन-तीन मजली तळघरे लागतात, गाड्या ठेवावयास. डुमसच्या बाजूला समुद्र जवळ, पाणी उथळ. खोदकाम चालू असेतो जमिनीतले पाणी रात्रंदिवस पंपाने उपसून रस्त्याच्या गटारात सोडावे लागते. गोडे पाणी उपसले की त्याच्या जागी खारे सरकते. आणि तळघराची भिंत उभी राहिली की ती जमिनीखालच्या पाण्याच्या वाटेत बांधासारखी उभी असते. हे वरून कुणाला दिसत नाही. म्हणूनच ते अर्जात विचारावे लागते.

बांधणाऱ्यांची बाजू येथे ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. ते म्हणतात, वेसू किंवा खजोदकडचे नवे शेत घेऊन त्यावर बांधण्यापेक्षा जेथे आधीच फरशी आहे तेथेच पुन्हा बांधलेले काय वाईट? जुन्या मॉलमध्ये पाऊस जिरवण्याची विहीर नव्हती, आम्ही खणू. जुन्यात सांडपाण्याची शुद्धी नव्हती, आम्ही करू. हे खरे आहे. सुरत महानगरपालिकेने स्वतः याबाबत देशाला धडा घालून दिला आहे. २०१४ पासून बामरोलीला सांडपाणी तिसऱ्या पातळीपर्यंत शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कापड-प्रक्रिया कारखान्यांना विकले जाते. जे पाणी घाण म्हणून जावयाचे त्याचे पैसे येतात. व्यापारी शहराने पर्यावरणाचे काम करावे तर असेच करावे.

परंतु पुनर्बांधणीच्या अर्जांत एक मेख असते, आणि माझ्या मते सगळा वाद तेथे येऊन थांबावयास हवा. ‘वाढ किती होईल’ असे अर्ज विचारतो. वाढ कशाच्या तुलनेत? आज तेथे उभ्या असलेल्या मॉलच्या तुलनेत मोजले, तर जागा आधीच शंभर टक्के फरसबंद आहे, पाणी आधीच सगळे गटारात जाते. नव्या इमारतीने आणखी काय जाणार? उत्तर येते, ‘वाढ नाही’. उत्तर खोटे नसते. परंतु त्या जुन्या मॉलने वीस वर्षांपूर्वी बुजवलेला ओहोळ अशा रीतीने कायमचा हिशेबाबाहेर जातो. पहिल्यांदा बांधले तेव्हा नियम ढिले होते म्हणून विचारले नाही, आणि दुसऱ्यांदा बांधताना आता तेथे ओहोळ नाहीच म्हणून विचारावयाचे नाही. इमारत पाडल्यानंतर आणि नवी उठण्यापूर्वीचे ते काही महिने हीच खरी एकमेव संधी असते, जेव्हा त्या जमिनीला तिची जुनी पाण्याची वाट परत देता येईल. पन्नास वर्षांत अशी वेळ एकदा येते. मॉलच्या बाबतीत वीस वर्षांत म्हणू. तुलना मॉलशी न करता मॉलच्या आधीच्या शेताशी करावयाची, एवढा एक नियम जरी गांधीनगरने केला तरी पुष्कळ होईल. जुने भूमापन नकाशे आहेत, त्यांत प्रत्येक ओहोळ काढलेला आहे.

दुसरी अडचण एकेकट्याने पाहण्याची. एका रस्त्यावर सहा इमारती, सहांचे सहा अर्ज, सहा वेगवेगळ्या वर्षी. प्रत्येक अर्जदार म्हणतो, माझे पाणी महापालिकेच्या गटारात जाईल. गटार एकच आहे. शिवाय १९ हजार कितीतरी चौरस मीटरची इमारत बांधली तर अर्जच करावा लागत नाही.

मोजमापाच्या या खेळाचा पुण्यातला एक खटला वाचकांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. सिंहगड रस्त्यावर वडगाव बुद्रुक येथे गोयल गंगा या बांधकाम कंपनीला २००८ मध्ये सुमारे ५७ हजार ६५८ चौरस मीटरांची पर्यावरण मंजुरी मिळाली: ५५२ सदनिका, ५० दुकाने. प्रत्यक्षात झाल्या ८०७ सदनिका आणि ११७ दुकाने. कंपनीचे म्हणणे असे की बांधकाम म्हणजे चटईक्षेत्रात मोजले जाणारे तेवढेच धरावयाचे. गाड्यांची जागा, जिने वगैरे धरावयाचे नाही. वस्तुतः २०११ च्या दुरुस्तीने तळघरासकट सर्व मजल्यांचे छताखालचे क्षेत्र धरावे असे स्पष्टच केले होते. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१८ रोजी निकाल दिला की शंभर कोटी रुपये किंवा प्रकल्पाच्या खर्चाचा दहावा हिस्सा, यांपैकी जे जास्त असेल ते भरा. दंड मोठा झाला, यात शंका नाही. परंतु जादा घरे उभीच राहिली. त्यांत माणसे राहावयास आली होती, त्यांना कोण उठवणार? पाण्याला मात्र दंडाची पावती दाखवून थांबवता येत नाही.

अलीकडे, २९ जानेवारी २०२५ रोजी, केंद्र सरकारने आणखी एक अधिसूचना काढून कारखान्यांच्या शेडी, शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांना या तपासणीतून सूट देऊ केली. मुंबईच्या वनशक्ती या संस्थेने ती न्यायालयात नेली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिसूचनेचा बाकी भाग मान्य केला, परंतु ही सूट रद्द ठरवली. वीस हजार चौरस मीटरचे बांधकाम झाले तर आत विद्यार्थी बसतात की ग्राहक फिरतात, याने जमिनीला काय फरक पडतो, असा त्यातला आशय. मॉलवाल्यांना सूट नव्हतीच. पण ‘आमच्याच वाट्याला का’ ही त्यांची तक्रार या निकालाने संपली.

पाडकामाच्या राडारोड्याविषयी फार लिहीत नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे दिवसाला वीस टन किंवा महिन्याला तीनशे टन राडारोडा काढणाऱ्याने तो वेगळा करून द्यावा, असे होते. एक मॉल पाडला तर हा आकडा पहिल्याच आठवड्यात ओलांडला जाईल. २०२५ मध्ये याहून कडक नियम जाहीर झाले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून अमलात आणावयाचे ठरले. नियम उत्तम आहेत. रात्री दोन वाजता खाडीच्या काठाशी एखादा डंपर मागचे फाळके उघडून उभा असतो, तेव्हा तेथे नियम हजर नसतो.

आता ताईंच्या प्रश्नाचा उत्तरार्ध: कुणी विचारतं का? कारखाना किंवा खाण काढावयाची असेल तर आसपासच्या लोकांची जाहीर सुनावणी घ्यावी लागते. मंडप घालतात, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी बसतात, लोक भांडतात, ते लिहून घेतले जाते. आठव्या कलमातल्या इमारतींना मात्र २००६ च्या अधिसूचनेनेच या जनसुनावणीतून वगळले आहे. कारण उघड आहे: शहरात रोज इमारती उठतात, प्रत्येकीला सुनावणी म्हटली तर कामे ठप्प होतील. कारण समजण्यासारखे आहे, परंतु पटण्यासारखे नाही. ज्या शहरात वीस वर्षांत दोन्ही तऱ्हेचे पूर येऊन गेले तेथे पाणी कोठून येते व कोठे अडते हे सर्वांत नेमके कुणाला ठाऊक असेल तर ते दरवर्षी घरातली ट्रंक पलंगावर चढवणाऱ्या बाईला. गांधीनगरच्या समितीपुढे सल्लागाराने काढलेला रंगीत नकाशा येतो. ही बाई येत नाही.

तिने यावयाचे ठरवले तरी भाषेचे काय? अर्ज इंग्रजीत, नकाशे इंग्रजीत, अटी इंग्रजीत. २०२० मध्ये या कायद्याचा नवा मसुदा निघाला तेव्हा तो केवळ हिंदी-इंग्रजीत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला आदेश दिला की तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व भाषांत द्या. तो मसुदा पुढे कायदा झालाच नाही, परंतु त्यानिमित्ताने मराठीचा, गुजरातीचा हक्क निदान कागदावर बोलला गेला. आज मंजुरी मिळाली की तिची जाहिरात दोन स्थानिक वृत्तपत्रांत, त्यांतल्या एकात लोकभाषेत, द्यावी लागते. ती चौकट आपण सर्वांनी पाहिलेली आहे: हरवलेल्या गुणपत्रिकेच्या आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मधोमध, भिंगाने वाचावी अशा अक्षरांत. ती प्रसिद्ध झाली की हरित लवादाकडे दाद मागावयास तीस दिवस. सबळ कारण असेल तर आणखी साठ. चौकट वाचली नाही तर दिवस कधी सुरू झाले आणि कधी संपले, हेही कळत नाही.

हे सगळे सुरतेचे, आपल्याला काय, असे म्हणावयास बडोदेकरांना तोंड राहिलेले नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांवर गेली, तेव्हा आपल्यापैकी किती जणांच्या दिवाणखान्यात ती आली होती! त्या नदीच्या काठच्या घळी म्हणजे तिच्या खाड्याच. त्या भरून आपण त्यांवर काय काय बांधले ते नदीवरच्या एखाद्या पुलावर उभे राहून पाहावे. नदीकाठ सुशोभित करण्याच्या योजनेचे काम पर्यावरण मंजुरीवाचून करावयास हरित लवादाने २०१६ मध्ये मनाई केली, तेव्हा ‘विकासात खोडा घालणारे’ म्हणून त्या तक्रारदारांना आपल्यांतल्याच काहींनी नावे ठेवली होती. मीही त्या वेळी गप्प होतो. सयाजीराव महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधवले त्या काळी पाण्याच्या वाटेचा अभ्यास आधी आणि भूमिपूजन नंतर, असा क्रम असे.

आगीचा उल्लेख केल्यावाचून सुरतेचा विषय पुरा होत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाण्याच्या तक्षशिला आर्केड या बाजारी इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या वर्गात बावीस जीव गेले, बहुतेक सर्व कोवळे विद्यार्थी. २०२५ च्या फेब्रुवारीअखेर रिंगरोडवरच्या शिवशक्ती कापड बाजाराला आग लागली, विझली असे वाटले, पुन्हा पेटली आणि शेकडो दुकाने घेऊन गेली. आगीचा दाखला निराळ्या खात्याचा, पर्यावरणाची मंजुरी निराळ्या प्राधिकरणाची, नकाशाला परवानगी महापालिकेची. परंतु आग विझवणाऱ्या बंबाला फिरावयास जी मोकळी जागा लागते, तीच पावसाचे पाणी मुरावयासही लागते; आणि पुनर्बांधणीत पहिली कात्री लागते ती या मोकळ्या जागेला. तीन टेबलांवर तीन वेगळे नकाशे असल्यामुळे ती एकाच वेळी ‘बंबाचा मार्ग’, ‘हिरवळ’ आणि ‘वाहनतळ’ अशी तीन कामे करताना दिसू शकते. जागा बिचारी एकच.

निघण्याच्या दिवशी मी ताईंना एक गोष्ट सांगितली, जी मलाही या लेखासाठी वाचताना नव्यानेच कळली होती. मंजुरी घेतलेल्या प्रत्येक प्रकल्पाने, घातलेल्या अटी आपण कशा पाळतो याचा अहवाल वर्षातून दोनदा सादर करावयाचा असतो, १ जूनला आणि १ डिसेंबरला, आणि हे अहवाल गुप्त नसून कुणालाही पाहता येण्याजोगे असावयाचे असतात. पावसाळ्याच्या तोंडावरच एक तारीख येते. जिरवण विहिरी किती खणल्या, गटार कोठे जोडले, सारे त्यात यावयास हवे. ताईंनी चष्मा पुसला, जिन्यातल्या रेघेकडे एकदा पाहिले आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या नातवाला हाक मारली. शेजारच्या दोन मोठ्या इमारतींचे जूनचे अहवाल शोधून, त्यांचे मराठी करून आजीला वाचून दाखवावयाचे त्याने कबूल केले आहे. बदल्यात त्याला काय हवे आहे, ते त्याने अजून सांगितलेले नाही.